सातचा आकडा

किल्ली माझ्याकडे असते.
सासऱ्यांच्या कंबरेची माझ्या कंबरेला आली
तेव्हा देवळात अजून सरकारी बाजरीच्या गोणी होत्या.
गोणी घासून घासून
जलदेवतेचे घोटे पुसले गेले.
गुडघ्यांच्या वर मात्र सगळे शाबूत:
एकशे चौदा देव, दरबाराला निघालेले,
आणि कुणालाच घाई नाही.

शहरातून चित्रकलेची मुलं येतात.
टॉर्च मागतात, माना वर करतात.
मी म्हणते, आधी भिंत बघा.
फन नदीकाठची पिवळी माती, गव्हाचा भुसा,
अंबाडीचे तंतू, वाळू, वर पांढरी खडी,
आणि तुरटी घातलेला बैलाच्या कातड्याचा सरस.
आमचा गोठाही असाच लिंपलेला,
फक्त त्याच्यावर कुणी देव काढले नाहीत.

मग रेघ बघा.
खांद्यावरून निघते, कोपराशी वळते,
पट्ट्याखालून सुटते ती थेट चपलेच्या टोकाशी थांबते.
झाडूच्या दांड्याने मोजलीय मी. अडीच दांडे.
कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही.
शिकलेले लोक म्हणतात, लोखंडी तारेची रेघ.
सासरे म्हणायचे, हातानं ओढलेली शेवई आहे ती,
तुटली की पीठ पुन्हा मळा.

उस्ताद पेई मनगट हलवायचा नाही म्हणे.
हात तसाच धरून
परांचीच्या फळीवरून चालत जायचा,
श्वास या टोकाला घ्यायचा, त्या टोकाला सोडायचा.
पुढे एक पोरगा उलटा चालत
फळीवरच्या वाट्या बाजूला करायचा.
पूर्वेची भिंत दुसऱ्या टोळीकडे होती,
मध्ये पडदा, कुणी कुणाचं बघायचं नाही.
(तिकडचे देव गालांनी जरा भरलेले आहेत.
त्यांचा स्वयंपाकी चांगला असणार.)

तिसऱ्या पंखेवाल्या दासीच्या पदरापाशी
रेघ एकदा अडखळते. मोहरीएवढी.
शिंक आली असेल,
किंवा खालून कुणी जेवायला हाक मारली असेल.
उस्तादानं ती पुसली नाही. तसाच पुढे गेला.
मुलं या जागेचे फोटो काढतात.

रंग त्याचं काम नव्हतं.
तो नुसता आकडा लिहून जायचा:
सहा म्हणजे हिरवा, सात म्हणजे निळा, आठ पिवळा.
मग पोरं वाटी घेऊन चढायची.
आता रंगाचे पापुद्रे सुटतात
आणि खालचे आकडे वर येतात,
आजारी माणसाच्या फासळ्या दिसाव्यात तसे.

जलदेवतेच्या डाव्या बाहीवर सात आहे.
बाही हिरवी आहे.

गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, चूक.
दुसरा म्हणाला, निळा दगड संपला असेल,
दाणी सावकारानं हात आखडला असेल.
मी गप्प राहिले, माझं कोण ऐकतं.
पण शेजारच्या देवाची बाही निळी आहे.
दोन निळ्या चिकटून आल्या असत्या
तर कुठला हात कुणाचा, कळलं नसतं.
हे खाली उभ्या उस्तादाला दिसत होतं
की वर चढलेल्या पोराला?
मला वाटतं, पोराला.
मला वाटतं, त्यानं मार खाल्ला,
आणि उस्तादानं रात्री दिवा घेऊन ती बाही पाहिली,
आणि सकाळी पुसायला सांगितलं नाही.
तुळईवर उस्तादाचं नाव आहे, सावकाराचं आहे,
सुताराचंसुद्धा आहे.

रोज झाडते मी त्या भिंतीखाली.
सुपलीत कधी चिमूटभर हिरवी धूळ येते.
साहेबांनी सांगितलंय, कागदात बांधा, तारीख घाला.
बांधते. तारीखही घालते.
एक चिमूट मात्र चहाच्या जुन्या डब्यात टाकते,
का, ते मुलीनं विचारलं तेव्हा सांगता आलं नाही.

हिरवं जितकं गळतं
तितका सात ठळक होत चाललाय.
छपराचं एक कौल सरकलंय त्याच्या डोक्यावरच.
अर्ज दिलाय.
उद्या शाळेची सहल आहे, साठ पोरं,
सगळ्यांना आधी सांगावं लागेल, भिंतीला हात लावू नका.